दादांसाठी जोडलेला कॉम्प्युटर

आमच्या तुळजापूरकडच्या वाशीतल्या एका शाळेत मी कॉम्प्युटर शिकवतो. शिकवतो म्हणजे काय, तर सातवीच्या पोरांना पेंट उघडून झोपडी काढायला लावतो. झोपडीमागं डोंगर, डोंगरामागून सूर्य, आणि सूर्यात पिवळा रंग भरेपर्यंत लाइट गेली की तास संपला. एवढ्या भांडवलावर मी गावात 'कॉम्प्युटरवाले सर' म्हणून मिरवत होतो. कुणाचा प्रिंटर अडकला, कुणी पासवर्ड विसरला की मला बोलावणं यायचं. मग मी कपाळाला आठ्या घालून दोन बटणं दाबायचो, चहा प्यायचो आणि परत यायचो. ही मिजास आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिनंच केलं.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, एसटीचे ड्रायव्हर होते. सगळी नोकरी स्टेअरिंगवर गेली, त्यातली निम्मी तुळजापूर-सोलापूर रस्त्यावर. रिटायर व्हायला दोन वर्षं उरली असताना तपासणीत काचबिंदू निघाला आणि त्यांना गाडीवरून उतरवून डेपोतल्या टेबलापाशी बसवलं, तिथूनच ते रिटायर झाले. चूक कुणाचीच नव्हती. पण आपली शेवटची फेरी शेवटची आहे हे माहीत नसताना ती होऊन गेली, याचा त्यांना राग होता. हा राग नेमका कुणावर, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

शाळा सुरू झाली त्या आठवड्यात दादांनी मोबाइल नाकाला टेकवून एक व्हिडिओ बघितला. कुणी एक माणूस टेबलाला स्टेअरिंग अडकवून, खुर्चीत बसून, पडद्यावरची बस घाटातून उतरवत होता. दादांनी तो तीनदा बघितला आणि मला हाक मारली. असलं आपल्याकडं आणता येतं का, विचारलं. मी म्हणालो, तो गेम आहे, त्याला भारीतला गेमिंग कॉम्प्युटर लागतो, साधा चालत नाही.

"मग आण की," दादा म्हणाले. "ह्या डाव्या डोळ्यात दम हाय तवर एकदा घाट उतरून बघतो."

सोलापूरच्या डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं होतं की उजवा डोळा गेल्यात जमा आहे. डाव्यात जेवढं उरलंय ते औषधानं सांभाळायचं, पण किती दिवस टिकेल याची खात्री नाही, आणि गेलेलं परत येत नाही. म्हणजे काम अगदी सरळ होतं. दुकानात जायचं, कॉम्प्युटर उचलायचा, आणून लावायचा. गाढवालाही कळलं असतं. पण मी पडलो कॉम्प्युटरवाला सर.

पहिल्यांदा दाजींनी तोंड घातलं. दाजी म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान, पुण्यात असतात, आणि पुण्यात असणं हीच त्यांची पदवी. त्यांनी फोनवर सांगितलं, लॅपटॉप घ्या, हल्ली डेस्कटॉप कोण घेतं. मी विचारलं, कुठला लॅपटॉप. तर म्हणाले, कुठलाही चांगला. अशी सल्ल्याची दुकानं या माणसानं प्रत्येक कार्यात मांडलेली आहेत. लग्नात मांडव कुठं घालायचा इथपासून विहिरीला पाणी कुठं लागेल इथपर्यंत दाजींना सगळं ठाऊक, फक्त कुदळ कुणी धरायची ते ठाऊक नाही. त्यांचं ऐकायचं नाही हे मी फोन ठेवायच्या आधीच ठरवलं.

मग सोलापूरला एका दुकानात गेलो. तिथं गेमिंगचा तयार सेट काचेमागं मांडलेला होता, आतून लाल, हिरवे, निळे दिवे, गणपतीच्या मखरासारखे. दुकानदार भला माणूस होता. तो म्हणाला, आत्ता तुमच्यासमोर चालू करून दाखवतो, बसचा गेम टाकून देतो, स्टेअरिंग जोडून देतो, संध्याकाळी घरी जाऊन बसवा. मी त्याच्याकडं अशी नजर टाकली की जणू त्यानं मला नासकं दूध दाखवलं. आत पंखा कुठला, सप्लाय कुठला, मेमरी कितीच्या वेगाची, असे प्रश्न मी एकामागून एक फेकले. त्यातले निम्मे मी आदल्या रात्री एका व्हिडिओत ऐकले होते. बिचाऱ्यानं होती तेवढी उत्तरं दिली. 'तयार सेट म्हणजे अडाण्यांचं काम' असं मनात म्हणून मी एसटीत बसलो. आई तयार पिठाची पिशवी आणणाऱ्या बायकांना नावं ठेवते ना, अगदी त्या तोऱ्यात.

घरी येऊन सांगितलं, सुटे भाग मागवून मी स्वतः जोडणार. दादा म्हणाले, जोड बाबा, तुला कळतं त्यातलं. त्यांनी माझ्यावर ठेवलेला हा भरवसा मला तेव्हा फार गोड लागला. आज आठवला की अंगावर काटा येतो.

त्यानंतर मी दोन महिने फक्त व्हिडिओ बघितले. विशीतली पोरं, डोक्यावर भलेमोठे हेडफोन, 'हॅलो गाइज' म्हणून सुरुवात करायची आणि मागच्या आठवड्यात जे ग्राफिक कार्ड सोनं होतं त्याला या आठवड्यात भंगार ठरवायची. त्यांच्या नादानं मी यादी करायचो, खोडायचो, परत करायचो. हा प्रोसेसर घेतला तर तो बोर्ड बसत नाही, तो बोर्ड घेतला तर ही मेमरी नको. एका कार्डावर सेकंदाला साठ फ्रेम, म्हणजे साठ चित्रं, मिळतात आणि दुसऱ्यावर नव्वद, यावर मी स्टाफरूममध्ये व्याख्यान दिलं. ड्रॉइंगचे सर झोपून गेले. डोळा जात चाललेल्या माणसाला साठ आणि नव्वद यातला फरक काय कळणार, हा प्रश्न माझ्या दीडशहाण्या डोक्यात एकदाही आला नाही. दादा मधूनमधून विचारायचे, आलं का रं. मी म्हणायचो, घाई करू नका, घाईत फसवणूक होते.

शेवटी एकदाचे भाग मागवले, गिअर आणि पेडलांसकट स्टेअरिंगही मागवलं. आले तेही एकेक करून, आज खोकं, परवा डबा, वेगवेगळ्या कुरिअरनं. पहिलं पार्सल हातात पडलं आणि आईनं आठवण करून दिली की पितृपंधरवडा लागलाय. नवं काही उघडायचं नाही. मी काही बोलायच्या आत दादाच म्हणाले, पंधरवडा सरला की लगेच घट बसतात, मग नवव्या दिवशी खंडेनवमी आलीच. स्टेअरिंग हाय, मशीन हाय, खंडेनवमीला पूजा करूनच हात लावू. आयुष्यभर त्यांनी खंडेनवमीला गाडी धुतली होती, झेंडूचा हार घातला होता, चाकाखाली लिंबू ठेवलं होतं. पूजेशिवाय नव्या स्टेअरिंगला हात लावणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

एका खोक्यावर बाहेरून चिकटवलेल्या पाकिटात चिठ्ठी होती. माल खराब निघाला तर दहा दिवसांत बदलून मिळेल, नंतर कंपनीकडं दुरुस्तीला पाठवावा लागेल. ती मी वाचली होती. मुद्दाम सांगतो, वाचली होती. दादांना नीट समजावलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं, इतका हट्टी तो माणूस नाही. पण खंडेनवमीला बहीण आणि दाजी येणार होते. त्यांच्यासमोर, उदबत्तीच्या वासात, मी एकेक भाग काढून जोडणार, बटण दाबणार आणि दाजींचं तोंड बघण्यासारखं होणार, हे चित्र मला इतकं आवडलं की ती चिठ्ठी मी घडी करून परत पाकिटात घातली. सगळी खोकी देवघराखाली रचून ठेवली. आई रोज त्यांना हळदीकुंकू लावायची.

खंडेनवमीला सगळं तसंच झालं. हार झाले, नारळ फुटला, नारळाचं पाणी मशीनवर शिंपडू नका म्हणून मी आईचा हात धरला आणि या शहाणपणाबद्दल स्वतःवरच खूश झालो. अडीच तास खाली बसून भाग जोडले. दादा नवा शर्ट घालून खुर्चीत बसलेले. बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा मात्र काळाच राहिला. दहा वेळा खोललं, दहा वेळा जोडलं. पडद्यावर चित्र उमटवणारं ग्राफिक कार्डच मुळात मेलेलं आलं होतं. दाजी जास्त काही बोलले नाहीत, पुरणपोळीवर तूप वाढून घेत एवढंच म्हणाले की लॅपटॉपला हा प्रकार नसतो. जन्मात पहिल्यांदा त्या माणसाचं बरोबर निघालं, तेही माझ्यामुळं.

दहा दिवस कधीच उलटून गेले होते. कार्ड दुरुस्तीला पाठवलं. फोन लावला की एक गोड आवाजाची बाई माझी तक्रार त्यांच्यासाठी किती मोलाची आहे ते सांगायची आणि पेटीवादन सुरू व्हायचं. दिवाळी आली. भाऊबीजेच्या दिवशी दादांनी चहाचा कप टेबलावर म्हणून ठेवला, पण तिथं टेबल नव्हतंच. कप खाली फुटला. आई म्हणाली, असू दे, जुना होता. दादा हसले आणि मी तिथून उठलो, कारण माझ्याच्यानं बसवेना. कप नवा होता, मीच आणला होता.

कार्ड आलं तेव्हा थंडी पडायला लागली होती. या वेळी मुहूर्त नाही, पाहुणे नाहीत, दहा मिनिटांत जोडलं आणि चालू झालं. बस आली, रस्ता आला, घाट आला. दादांनी स्टेअरिंगवर हात ठेवला, पाय आपोआप क्लचवर गेला. कानाला हेडफोन लावले. तासभर ते उठले नाहीत. लई भारी, म्हणाले. गाडीचा आवाज पार खराखुरा हाय, म्हणाले. मी लगेच कॉलर ताठ केली. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सांगितलं की उशीर झाला, पण तयार सेटमध्ये ही मजा नसती. माणूस किती निर्लज्ज असू शकतो बघा.

दादा रोज दुपारी बसायला लागले. आई सांगायची, जेवण झालं की गाडीवर जातात.

मग एका रविवारी दुपारी मी सहज त्या खोलीत गेलो. दादा खुर्चीत सरळ बसलेले, कानाला हेडफोन, हात स्टेअरिंगवर. त्यांनी गिअर खाली टाकला आणि गाडी हळूच डावीकडं घेतली. समोरचा पडदा पूर्ण काळा होता. स्टेअरिंगच्या हिसक्यांनी टेबल हलून पडद्याची वायर निम्मी निसटली होती. आवाज तेवढा चालू होता.

मी जवळ गेलो, एका कानावरचा हेडफोन बाजूला केला. मग विचारलं, "दादा, दिसतंय ना नीट?"

"व्हय की," दादा म्हणाले, मान न वळवता. "घाट लागलाय. लई साफ दिसतंय बघ. चांगली केलीस मशीन."

मी वाकून वायर दाबली. पडदा उजळला. बस घाटाच्या कठड्याला नाक लावून उभी होती, इंजिन घरघरत होतं, कधीपासून कोण जाणे. उजेड तोंडावर आला तरी दादांची पापणी हलली नाही. ते त्याच घाटाचं पुढचं वळण घेत होते, जे तिथं नव्हतं. पावसाळा लागताना हा माणूस दुकानातल्या त्या मखरासमोर बसला असता, तर त्याला घाट दिसला असता. हे मला कुणी सांगायला नको होतं. आणि माझ्यासाठी तो किती दिवस खोटं बोलत होता, हेही मी विचारलं नाही.

स्टूल ओढून मी त्यांच्या शेजारी बसलो.

"दादा," मी म्हणालो, "गाडी कठड्याला टेकलीय. जरा रिव्हर्स घ्या."

त्यांचे हात थांबले. मग त्यांनी दुसऱ्या कानावरचाही हेडफोन काढून मांडीवर ठेवला, गिअरवर हात नेला आणि विचारलं, "मागं मोकळं हाय का?"

"हाय," मी म्हणालो. "येऊ द्या. येऊ द्या."