रविवारी बंद असलेल्या खोल्या

आमच्या बंगल्यामागे, जिथे पूर्वी कांदा व्हायचा, तिथे पप्पांनी बावीस खोल्या बांधल्या आहेत. शिक्रापूरच्या कंपन्यांमधले कामगार त्यात भाड्याने राहतात. बीडचे, लातूरचे, बिहारचे. मी त्यांच्यापासून तीस पावलांवर वाढले. पण माझी शाळा इंग्रजी, स्कूलबस वेगळी आणि स्वभाव असा, की समोरून कुणी आलं की मी मोबाईलमध्ये बघते.

कोपऱ्यातल्या खोलीत मावशी राहतात. त्या डबे करून देतात. दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढल्यामुळे मराठी आणि हिंदी एकाच दमात बोलतात. खोल्यांमधली लहान मुलं गावच्या अंगणवाडीत जात नव्हती, कारण मध्ये हायवे आहे आणि ट्रक कुणासाठी थांबत नाहीत. मावशींना अंगणवाडी इकडेच हवी होती. दोन वर्षं त्यांनी शिरूरच्या बालविकास ऑफिसात खेटे घातले, तेव्हा कुठे सुपरवायझर मॅडम म्हणाल्या, घरोघर येऊन मुलं मोजते, प्रत्येकाचं लसीचं कार्ड दाखवा, संख्या भरली तर प्रस्ताव पाठवते.

अर्ज मावशींनी माझ्याकडून लिहून घेतला होता, त्यामुळे मॅडमचा फोन मला आला. "सगळे घरी कधी असतात?"

"रविवारी," मी लगेच म्हणाले. जरासुद्धा विचार केला नाही.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी उद्या येते म्हणून कळवलं. मावशींच्या दारात बायका बसल्या होत्या. इतक्या जणींसमोर जायचं माझ्या जिवावर आलं. सकाळी सांगू म्हटलं.

सकाळी सांगितलं, तेव्हा मावशींच्या हातातली भाकरी तव्यावर पडायची थांबली. "आज? अगं पोरी, आज समदे ड्युटीवर. कंपनीची सुट्टी गुरुवारी असती."

इतकी वर्षं गुरुवारी मागे कपडे धुण्याचा आवाज यायचा. मी खिडकी लावून घ्यायचे.

दहा वाजता मॅडम आल्या. मुलं मावशींच्या ओट्यावर होती, पण खोल्यांना कुलपं. मॅडम वैतागल्या. "माझा एक रविवार असतो. कार्डाशिवाय मी काहीच लिहिणार नाही, आणि परत येणं जमणार नाही."

मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. मावशी आत गेल्या आणि किल्ल्यांनी भरलेलं ताट घेऊन आल्या. नवराबायकोच्या सुटण्याच्या वेळा वेगळ्या, खोलीला किल्ली एकच, म्हणून जाणारा ती मावशींकडे ठेवून जातो. प्रत्येक किल्लीला वेगळ्या कापडाची चिंधी. ज्यांच्याकडे मूल, त्यांची चिंधी त्या मुलाच्याच जुन्या कपड्याची. मावशींनी आधी चार-पाच आयांना फोन लावून पाहिले. कंपनीत कामाच्या लाइनवर मोबाईल नेऊ देत नाहीत, सगळे बंद.

"उघडते," त्या म्हणाल्या. "शिव्या खाईन संध्याकाळी. मॅडम, तुम्ही माझ्या बरोबरच आत यायचं. मी काय हात लावते, बघायचं."

प्रत्येक दारात त्यांनी चप्पल काढली. आत कुणी नसतानाही. एका घरचं कार्ड पिठाच्या डब्यामागे, एका घरचं देवाच्या फोटोमागे, एका घरचं उशीच्या अभ्र्यात. त्यांना एकदाही शोधावं लागलं नाही. कार्ड दाखवायचं, होतं तिथे ठेवायचं, कुलूप ओढून बघायचं. मी मागून चालत होते आणि मला वाटत होतं, माझ्या खोलीत माझी स्वतःची कागदपत्रं कुठे आहेत हे मला इतकं ठाऊक नाही.

सातव्या खोलीपाशी पप्पा आले. "मावशी, कुणाला विचारून खोल्या उघडताय?"

"आप्पा, ज्यांनी किल्ल्या दिल्या त्यांच्या भरवशावर."

"एकेका खोलीत सहा-सहा माणसं. हे लिहून गेलं तर उद्या माझ्या दारात चौकशी."

"मॅडम पोरंच मोजत्यात. माणसं मोजणाऱ्या बाई दुसऱ्या. त्या आल्या की त्यांनाबी चहा पाजू."

मॅडमना हसू आवरेना. पप्पांना आवरलं.

संख्या भरली. पण फॉर्मवर जागा लिहायची होती, आणि जागेसाठी मालकाची सही. मावशी म्हणाल्या, "माझी खोली लिवा. डबे नऊला जात्यात. दहा ते दोन रिकामीच की."

पप्पा मावशींकडे रोखून बघत होते. मी म्हणाले, "रविवार मी सांगितला होता, पप्पा. मावशींचा काही दोष नाही." एवढंच, आणि तेही मान खाली घालून.

"पाटी लावायची नाही," पप्पा म्हणाले.

"पाटी कशाला, आप्पा? पोरांचा आवाज बंगल्यापतुर येतोय."

पप्पांकडे चष्मा नव्हता. "काय लिहिलंय ते वाच," ते मला म्हणाले. मी मोठ्याने वाचू लागले. मुलाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्माचं ठिकाण. सगळीकडे दवाखाने. एका मुलीपुढे खोली नंबर नऊ असं होतं.

"ही इथेच झाली?" पप्पांनी विचारलं.

"व्हय. दवाखान्याची गाडी याय उशीर झाला," मावशी म्हणाल्या. "माझ्या हातावर झाली. तुम्ही त्या दिवशी बोअरची मोटार चालू करून शेतात गेला हुता, म्हणून पाणी तरी मिळालं."

 मॅडमनी पुढे केलेलं पेन पप्पांनी घेतलं. सही करायची जागा मी बोटाने दाखवली.