फलकावर नसलेली पोरं

रहिमतपूरजवळच्या एका हायस्कुलात मी विज्ञान शिकवतो, आणि बरं शिकवतो. हे मीच सांगितलेलं बरं, मुख्याध्यापक काही सांगणार नाहीत.

आमच्या भागात पोरगं लष्करात नाहीतर पोलिसांत लागलं की चौकात त्याच्या फोटोचा अभिनंदनाचा फलक लागतो. ही पोरं नेमकं काय करतात म्हणून निवडली जातात, याचा अभ्यास करायचं मी मनावर घेतलं. फलकांवरची नावं उतरवून घेतली आणि सुट्टीवर आलेल्या एकेकाला गाठलं. जवळजवळ प्रत्येक जण एकच सांगे: नडग्यांना वाळूच्या पिशव्या बांधून रोज सकाळी टेकडी पळायचो. झालं, माझा निष्कर्ष तयार. वाळूनं भरती होते.

माझी मुलगी तेव्हा पोलीस भरतीची तयारी करत होती. तिच्याही नडग्यांना मी ट्रॅक पँटच्या आतून पिशव्या बांधायला लावल्या. टेकडीच्या पायथ्याशी घड्याळ घेऊन मी उभा राही आणि तिची वेळ वहीत लिही. पहिल्याच महिन्यात ती म्हणाली, पाय दुखतोय. मी म्हटलं, दुखणारच, हाड घट्ट होतंय. त्यानंतर तिनं तक्रार केली नाही आणि तिची वेळ झपाझप कमी होत गेली. मी हरखून गेलो. या अभ्यासावर लिहिलेला माझा सगळा निबंध तिच्या आकड्यांवर उभा राहिला.

सांगलीत शिक्षकांच्या विज्ञान संमेलनात तो मी ठणकावून वाचला. टाळ्या पडल्या. मग पलूसकडच्या एक वयस्कर शिक्षिका उठल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "ज्यांचा फलक लागला नाही, त्यांना विचारलंत का, सर?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. नापास पोरांना विचारून काय हाती लागणार, असं काहीतरी मी फटकन बोललो. परतीच्या एसटीत मात्र चैन पडेना. प्रश्न बिनतोड होता, आणि दोन्ही बाजू तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नये, हेच तर वर्गात मुलांना मी शिकवतो.

दुसऱ्या दिवशी गावात ट्रॅक्टर चालवणाऱ्या एकाला गाठलं. तीनदा भरतीला जाऊन तो परत आला होता. तो हसला. "सर, वाळू तर आमी समदीच बांधत हुतो की. माझी नडगी त्यातच गेली."

आणखी चार दारं फिरलो. सगळीकडं तेच. लागलेल्यांनी वाळू बांधली होती, न लागलेल्यांनीही बांधली होती, आणि काहींना तर वाळूनंच घरी बसवलं होतं. मी तडक घराकडं वळलो. मुलीची भरती पंधरा दिवसांवर आली होती.

घरी पोचलो आणि तिला म्हटलं, त्या पिशव्या आत्ताच्या आत्ता सोड. तिनं एक सोडून माझ्या हातात दिली. ती अगदीच हलकी लागली. आत म्हशीसाठी आणलेला कोंडा होता. पहिल्या महिन्यानंतरच तिनं वाळू काढून टाकली होती. ज्या आकड्यांवर मी टाळ्या घेतल्या, ते जवळजवळ सगळे वाळूशिवायचे होते. पाय शाबूत आहे म्हणून माझा जीव भांड्यात पडला, आणि शरमही तेवढीच वाटली. तरी खोड जाते का? मला सांगायचं तरी, म्हणून मी तिच्यावरच डाफरलो.

"सांगितलं हुतं की, आप्पा," ती म्हणाली. "पाय दुखतोय म्हणलं हुतं. तुमी वहीत लिवलंच न्हाई."