बाजरीच्या कणसाला सुटलेला मध

कणसाला हात लावला आणि बोटं चिकटली. हुंगून पाहिलं तर गोडसर वास. मुंग्या आमच्या आधीच येऊन पोचल्या होत्या.

"मध सुटलाय जनू," सोपानराव म्हणाले. "चांगलंच हाय की, न्हाय का?"

"चांगलं नाही हो. अरगट आहे हा."

त्यांचा चेहरा उतरला. शब्द त्यांच्या ओळखीचा नव्हता, पण माझा सूर कळला.

मी एका बियाणे कंपनीत रोगतज्ज्ञ आहे. ऑफिस खराडीत, काचेच्या इमारतीत. लिफ्टमध्ये सगळे सॉफ्टवेअरवाले आणि त्यांच्यात चिखलाचे बूट घातलेली मी एकटी. बाजरी, ज्वारी, चाऱ्याची गवतं अशा गवताच्या कुळातल्या पिकांचं बियाणं आम्ही शेतकऱ्यांकडून तयार करून घेतो. त्यांच्या शेतात फिरून रोग वेळेवर पकडायचा, हे माझं काम.

अरगट हा बुरशीचा रोग. फुलोऱ्यात ढगाळ, दमट हवा राहिली की बुरशी फुलातून आत शिरते. मग चिकट थेंब गळतात आणि पुढे दाण्याच्या जागी काळपट, कठीण खडे धरतात. ते खडे विषारी असतात, माणसाला आणि गुरांनाही. म्हणून असा प्लॉट बियाणं तपासणीत सरळ नापास होतो.

लोणीकंदच्या पुढचा हा प्लॉट सोपानरावांचा पहिलाच. संकरित बियाण्याच्या आसपास दुसरी बाजरी चालत नाही, तिचा पराग उडून येतो आणि बी अशुद्ध होतं. म्हणून त्यांनी दोन्ही भावांना गळ घालून त्यांच्या रानात मूग पेरायला लावला होता. भावांनी कुरकुरत ऐकलं होतं. आता प्लॉट मोडला तर काय, हे त्यांना मला सांगावं लागलं नाही.

मी नागमोडी चालत सगळं रान पाहिलं. चिकट कणीस दिसलं की त्याला लाल दोरा बांधायचा. खालच्या अंगाला दोरे तुरळक लागले. बांधाच्या वरच्या तुकड्यात मात्र चिकट कणसं इतकी, की जवळचे दोरे संपले.

असं का? या प्लॉटमध्ये काही ओळी नराच्या असतात, काही मादीच्या. मादीला स्वतःचा पराग नसतो, तो नराच्या ओळींतून यावा लागतो. वरच्या तुकड्यात नराची पहिली पेरणी पावसानं वाहून गेली होती आणि ती पुन्हा केली होती. त्यामुळे मादी फुलोऱ्यात येऊन उभी, आणि नर अजून पोटरीत, कणीस बाहेरच न पडलेला. पराग मिळाला की फुलाची तोंडं सुकतात, बुरशीला वाट राहत नाही. इथे सगळी तोंडं उघडी होती.

बांधावरूनच दामले साहेबांना फोन लावला. ते प्रॉडक्शनचे हेड. शनिवार पेठेतले. शब्द मोजून वापरतात.

"नांगर फिरवा," ते म्हणाले.

"साहेब, रोगानं मुख्यतः एकच तुकडा धरलाय. वाचेल."

"मग औषध मारा. तुमचा पगार त्यासाठीच आहे ना?"

"औषध मारतेच. पण त्यानं नुसता आळा बसेल. इथे पराग हवाय."

"तो कुठल्या दुकानात मिळतो?"

"आपल्या मांजरीच्या रिसर्च फार्मवर. सुषमाच्या प्लॉटमध्ये हाच नर आहे, आधी पेरलेला."

"सुषमाबाई तुम्हाला पराग देणार?" ते पहिल्यांदाच हसले. "बघा बुवा. इन्स्पेक्शनपर्यंत मुदत देतो."

मी फोन ठेवताच सोपानरावांनी विचारलं, "शेजारच्या वस्तीवरनं आनू का बाजरी? फुलात हाय."

"नको नको. तिचा पराग पडला तर रोग जाईल, पण बियाणंही जाईल. हाच नर पाहिजे."

सुषमा आमची ब्रीडर, म्हणजे नवे वाण तयार करणारी. तिच्या रोपांना कोणी हात लावलेला तिला खपत नाही.

"माझं क्रॉसिंग चालू आहे," ती म्हणाली. "मी काय पराग वाटप केंद्र उघडलंय?"

"फक्त कडेच्या ओळी दे."

"कडेच्या ओळी कडेला का असतात, माहितीये ना तुला?"

"माहितीये. क्रॉसिंगला तू त्या वापरत नाहीस, म्हणूनच मागतेय."

मग ती म्हणाली, "उजाडायच्या सुमारास ये. पिशव्या कागदी आण. प्लॅस्टिकची दिसली तर परत पाठवीन."

प्लॅस्टिकमध्ये ओल धरते आणि पराग मरतो. तसा तो फार तास टिकतही नाही. सकाळी कणसं पिशवीत झटकायची आणि लगेच निघायचं. पहिल्या दिवशी मी मुंढव्याच्या चौकात अडकले. एसी फुल लावून, शेजारच्या सीटवर पिशव्यांना बेल्ट लावून, सिग्नलकडे बघत बसले. बाजूच्या बाइकवाल्यानं आत डोकावून पाहिलं. त्याला काय वाटलं कोण जाणे.

शेतावर सोपानराव आणि त्यांच्या पत्नी मंदाताई तयार होते. दोरे बांधलेली कणसं त्यांनी आदल्या संध्याकाळीच कापून, पोत्यात भरून, खोल पुरली होती. पराग पातळ फडक्याच्या पुरचुंडीत घेऊन आम्ही मादीच्या कणसांवर झटकत गेलो. फवारणी दुपारी ठेवली, नाहीतर आम्हीच पराग धुऊन काढला असता.

"पुन्याचा नवरदेव एसी गाडीतनं आला गं बाई," मंदाताई म्हणाल्या आणि स्वतःच खूप हसल्या.

इथला नर फुलेपर्यंत रोज हेच चाललं. दुसऱ्या दिवसापासून सुषमाच पिशव्या भरून गेटवर उभी असायची. "उशीर केलास," एवढंच म्हणायची. हळूहळू नवे चिकट थेंब दिसेनासे झाले. कणसात दाणा फुगायला लागला. एक दिवस मी कणीस मुठीत घेऊन वरपर्यंत हात ओढला, हात कोरडा राहिला. मी ते कणीस उगाचच थोडा वेळ धरून उभी राहिले.

तपासणी अधिकारी आले, फिरले. बांधालगतची एक पट्टी त्यांनी बाद केली, बाकी प्लॉट पास झाला. बाद केलेल्या पट्टीबद्दल मी वाद घातला नाही, त्यांचं बरोबर होतं. संध्याकाळी सोपानरावांचे दोन्ही भाऊ चहाला आले. पुढच्या वर्षी आमच्या रानातबी प्लॉट द्या, असं थोरल्यानं जरा लाजतच सुचवलं.

मळणीनंतर बी मिठाच्या दाट पाण्यात टाकून पाहिलं. अरगटाचे खडे हलके असतात, ते वर तरंगतात. थोडे तरंगले, ते काढले, बी स्वच्छ धुऊन वाळवलं.

दामले साहेबांनी रिपोर्ट वाचला. "छान," म्हणाले. हा शब्द ते वर्षाकाठी फार खर्च करत नाहीत. यंदापासून आम्ही नराच्या ओळी दोन टप्प्यांत पेरतो, म्हणजे एक हुकली तरी दुसरी हाताशी असते. बुरशीनाशकांची नावं मला बरीच पाठ आहेत. पण पेरणीचं गणित जमलं, तर त्यातल्या निम्म्या बाटल्यांची झाकणं उघडावीच लागत नाहीत.