मागचा ब्रेक

ही गोष्ट मी आजवर कुणाजवळ काढलेली नाही. बायकोजवळ नाही, सख्ख्या भावाजवळ नाही. औंढ्याला नागनाथासमोर हात जोडून उभा राहिलो, तेव्हा तरी बोलावं की नाही? तिथंही पाऊसपाणी नीट होऊ दे असलं काहीतरी मागितलं आणि चपला घालून बाहेर आलो.

आता तुम्हाला का सांगतोय, ते मलाच नीट कळत नाही. मागच्या बुधवारी दुकानात एक प्रकार घडला आणि तेव्हापासून हातातलं काम पुरं होत नाही. चाकाची एक तार आवळतो, उठतो, रस्त्यापर्यंत जाऊन येतो, परत बसतो — कुठली तार आवळली होती तेच विसरलेलं असतं. बायको म्हणते, डोळे तपासून घ्या. डोळ्यांना काही झालेलं नाही. त्या बुधवारपर्यंत यायला मला जरा वेळ लागेल, कारण आधी सहा वर्षं मागं जावं लागतं.

माझं सेनगावात सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. सायकलींबरोबर फवारणीचे पंप, कडबाकुट्टी, जे येईल ते बघतो. हातापेक्षा माझा कान जास्त चालतो. गिऱ्हाईक वीस पावलांवर असतानाच मी सांगायचो — तुझ्या पुढच्या चाकात छर्रे गेलेत. आणि खोलून पाहिलं की गेलेलेच असायचे. त्यामुळं तालुक्यात मला ‘कानाचा मिस्त्री’ म्हणतात. मी ते नाव मिरवलं, खोटं कशाला बोलू? अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं आई मला लहानपणापासून ऐकवायची. पण कानाच्या मिस्त्रीला आईचं मात्र कधी ऐकू आलं नाही.

तर सहा वर्षांपूर्वी औंढ्याच्या मागच्या डोंगरात सात दिवसांचं एक शिबिर झालं. डोंगरावरून सायकल खाली कशी आणायची, ते शिकवायचं शिबिर. आमच्याकडं जो तो हसला. उतारावरून सायकल आणायला शिकायचं काय? ब्रेक सोडला की येते आपोआप! पण पुण्याहून एक सर ट्रकभर सायकली घेऊन आले होते, जाडजूड टायरांच्या, पुढं-मागं झटके गिळणाऱ्या स्प्रिंगांच्या, आणि आसपासच्या लोकांना शिकणं फुकट होतं. मी नाव दिलं. अर्जात ‘काय येतं’ असा रकाना होता, तिथं लिहिलं — सायकलीचं सर्व काम. त्या सायकली मी तोवर डोळ्यांनीसुद्धा पाहिल्या नव्हत्या.

पहिल्याच दिवशी माझी एसटी चुकली. दुपारी पोहोचलो तर सायकलीची ओळख करून देण्याचा तास संपलेला. काय सांगितलं, हे कुणालाही विचारता आलं असतं. विचारलं नाही. मिस्त्रीनं सायकलीचं दुसऱ्याला विचारायचं?

रोज सकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून सायकली वर जायच्या, मागून आम्ही चालत. मग सागाच्या आणि सीताफळीच्या झुडपांमधून मुरमाच्या वाटेनं खाली. सीटवर बसायचं नाही, पायडलवर उभं राहायचं, अंग मागं टाकायचं, कोपरं मोकळी ठेवायची. नजर जिथं, सायकल तिथं, हे सर दिवसातून पन्नासदा म्हणायचे. वाटेत सगळ्यात अवघड जागा म्हणजे एक काळा, गुळगुळीत खडक. सरांनी त्याला काहीतरी इंग्रजी नाव दिलं होतं. आम्ही त्याला म्हशीची पाठ म्हणायचो. पाठीवर चढून पलीकडं उतरायचं. त्या उतारावर पुढचा ब्रेक दाबला की माणूस हँडलवरून डोक्यावर जातो, म्हणून तिथं फक्त मागचा दाबायचा. हे नीट लक्षात ठेवा. तिथं माणसाचा सगळा भार मागच्या ब्रेकवर असतो.

सरांनी जोड्या पाडल्या होत्या. वरून निघण्याआधी आपल्या जोडीदाराची सायकल आपण तपासायची — टायर, साखळी, पुढचा ब्रेक, मागचा ब्रेक — आणि मोठ्यानं ‘ओके’ म्हणायचं. आमच्या लोकांनी दुसऱ्याच दिवशी त्याचं ‘बराबर’ केलं. सर पण बराबर म्हणायला लागले. जोडीदारानं बराबर म्हटल्याशिवाय कुणी टाच उचलायची नाही, असा नियम होता.

माझी जोडीदार वंदना. डोंगरकड्याची, तेव्हा तेवीस वर्षांची. वडील पोस्टात, घरातली पुढची सरकारी नोकरी आपल्या वंदनाची, असं त्यांनी गावभर सांगून ठेवलेलं. पोलीस भरतीची तयारी करत होती. पळण्यात पुढं, आणि गोळा तर असा टाकायची की बघणारे मागं सरायचे. मैदानी चाचणीची तारीख अजून लागली नव्हती. भीती मोडायची म्हणून आले, असं तिनं मला सांगितलं होतं. रोज सकाळी “जयभीम, दादा” म्हणायची आणि स्वतःची सायकल माझ्या हाती देऊन केस बांधायला वळायची. मी तपासत असताना तिनं मागं वळून पाहिलेलं मला आठवत नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी तिच्या सायकलीचं मागचं चाक कुईकुई करायला लागलं. मला म्हणाली, “दादा, तुमचा कान लावा की जरा.”

लावला. चार जण भोवती उभे होते. चाक फिरवलं, डोळे मिटले — हो, डोळे मिटले, कसलं नाटक ते! — आणि निदान केलं : आस कोरडा पडलाय. घरून नेलेली तेलाची कुपी काढली आणि चाकाच्या मधोमध चांगलं सढळ हातानं सोडलं. आवाज बंद. वंदना खूष, चार जण खूष, मी तर काय विचारूच नका.

पाचव्या दिवशी उतरणं नव्हतं, ब्रेकचा वर्ग होता. या सायकलींच्या चाकाच्या मध्यावर एक पोलादी चकती असते. ब्रेक दाबला की दोन बाजूंनी दोन पॅड तिला चिमटीत धरतात. सर म्हणाले, पहिल्या दिवशी सांगितलं होतं, पुन्हा सांगतो — या चकतीच्या आसपास तेल आणायचं नाही. पॅड तेल पितो. वरून कितीही पुसा, सपाटीला ढकलून बघाल तर ब्रेक लागल्यासारखा वाटेल, उतारावर लागायचा नाही. तेल लागलं तर पॅड फेकायचे, नवे घालायचे. दहा मिनिटांचं काम. त्यांनी करूनही दाखवलं.

मी पहिल्या रांगेत बसलो होतो. 

कळलं नाही असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही. तिथंच कळलं. तेल आसातून चकतीवर उतरलं असणार, आणि तो कुईकुई आवाज मुळात आसाचा नव्हताच, ब्रेकचा होता. कान चुकला होता. नवे पॅड सरांच्या पेटीत होते, सरांना मागावे लागले असते. सरांनी विचारलं असतं, कशाला? काय सांगायचं — कानाच्या मिस्त्रीनं ब्रेकमध्ये तेल ओतलं? त्या चार जणांसमोर? संध्याकाळी मी चकती फडक्यानं पुसली. सायकल ढकलून मागचा ब्रेक दाबला. लागला. लागला की! सर सांगतात तेवढं काही नसतं, असं मी मनाला सांगितलं. मन नाही म्हणत होतं, तरी सांगितलं.

सहाव्या दिवशी सकाळी आम्ही वर उभे. खाली हरभऱ्याची शेतं, त्यापलीकडं औंढ्याची घरं दिसत होती. वंदना केस बांधत होती. मी टायर दाबले, साखळी पाहिली, पुढचा ब्रेक पाहिला. मागच्या ब्रेकवर हात ठेवला आणि — दाबला नाही. दाबून काय कळणार ते मला माहीत होतं, म्हणून दाबला नाही. आणि मोठ्यानं म्हणालो, “बराबर!”

तिनं ऐकलं आणि निघाली.

मी मागून पाहत होतो. म्हशीच्या पाठीवर चढली, पलीकडं झुकली, आणि सायकल जिथं संथ व्हायला हवी तिथं पळायला लागली. आठ-दहा हात गेली असेल. मग तिनं पुढचा ब्रेक धरला. धरणारच. दुसरं काय धरणार? हँडलवरून पुढं गेली आणि उजव्या कोपरावर पडली. तिचा ओरडण्याचा आवाज आला नाही. नुसती सायकल आपटल्याचा आला.

सर धावले, सगळे धावले. जीपमध्ये घालून तिला हिंगोलीच्या दवाखान्यात नेलं, सरही गेले. आणि मी? मी सायकल उचलली. लोक म्हणाले, बघा, मिस्त्रीला किती कळकळ. तंबूत नेली. सरांची पेटी उघडीच होती. जुने पॅड काढले, चकती स्पिरिटनं लख्ख पुसली, नवे पॅड बसवले. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. जुने पॅड खिशात घातले आणि दुपारी नाल्यात फेकले. दुपारी सरांनी येऊन मागचा ब्रेक दाबून पाहिला, तर चाक जागच्या जागी थांबलं. सर हळहळले. घाबरली पोरगी, म्हणाले, मागचा विसरली आणि पुढचा धरला.

चूक, घाई, गाढवपणा — तेलापर्यंत तुम्ही मला यातलं काहीही म्हणू शकता. त्या तंबूतल्या कामाला मात्र यातला एकही शब्द लागू पडत नाही. हात जराही थरथरले नव्हते.

अजून एक आहे. हे सांगताना मी दोनदा उठून आलो. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात भेटायला गेलो. कोपर पार चुरलेलं, प्लास्टर खांद्यापर्यंत. तिचे वडील औषध आणायला खाली गेले होते. ती छताकडं बघत म्हणाली, “दादा, मी मागचा दाबला व्हता. खरंच दाबला व्हता.”

मला वाट करून दिल्यासारखी ती बोलली. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, “भीतीत माणसाला काय कळत न्हाई, ताई. सरांनी तपासलाय ब्रेक. बराबर हाय.”

तिनं छतावरची नजर माझ्याकडं वळवली. मग म्हणाली, “आसंल मग.” तिचा स्वतःच्या हातावरचा विश्वास मी तिथं, त्या खाटेशेजारी, मोडला. ते मोडताना मला स्पष्ट दिसत होतं.

त्याच संध्याकाळी, म्हणजे सातव्या दिवशी, शिबिराचा समारोप झाला. सायकली ठणठणीत ठेवल्याबद्दल सरांनी मला टाळ्यांच्या गजरात पान्यांचा एक संच दिला. तो आजही दुकानात आहे. पाने चांगले आहेत, वापरतो.

दोन महिन्यांनी मैदानीची तारीख लागली, तेव्हा तिचा हात गळ्यात होता. पुढच्या भरतीला ती उतरली, पण कोपर पुरतं सरळ होत नाही. गोळा जिथं पडायला हवा त्याच्या बराच अलीकडं पडला. तिथं तिनं नाद सोडला. आता डोंगरकड्यात मुलींना भरतीसाठी तयार करते. तिच्या कितीतरी मुली वर्दीत गेल्या. माझ्याशी ती अगदी पूर्वीसारखी आहे — राखीला फोन करते, कुणाची सायकल बिघडली तर दादाकडंच न्या म्हणते. खाई त्याला खवखवे म्हणतात. तिचा फोन आला की मी तो दोन-तीनदा वाजू देतो.

आणि आता बुधवार. दुपारी वंदना दुकानात आली, बरोबर सात मुली, सेनगावला कसली तरी कागदपत्रं काढायला आलेल्या. त्यातल्या एकीची नवी सायकल होती, चकतीच्या ब्रेकची. मुली बाकावर बसल्या. वंदना उभ्यानंच त्यांना म्हणाली, “मी सांगत असते बघा, डोंगरात पडले म्हणून. ह्ये दादा माझे जोडीदार व्हते. सायकल यांनी तपासली व्हती. सायकलीत खोट नव्हती, खोट माझ्यात व्हती. मी भ्याले आन् मागचा ब्रेक इसरले. भ्यालं की आसं व्हतंय.” आणि तिनं बाही वर करून कोपर दाखवलं. मग माझ्याकडं वळली. “सांगा की दादा, यांना खरं वाटंना.”

सात मुली माझ्याकडं बघत होत्या. सहा वर्षं मी मनाशी म्हणत आलो होतो, कुणी समोरून विचारलं तर सांगून टाकीन. ती समोरून विचारत होती. भरदुपार होती, मला कसली घाई नव्हती, कसलं संकट नव्हतं.

“व्हय,” मी म्हणालो. “सायकल बराबर व्हती.”

एका मुलीनं मान डोलावली. वंदनानं बाही खाली केली, त्या मुलीची सायकल माझ्याकडं सरकवली आणि म्हणाली, “हिचा मागचा ब्रेक वाजून राहिला, दादा. बघा जरा.” त्या चहाला गेल्या. मी पान्यांचा तो संच काढला, चकती पुसली, नवे पॅड घातले, ब्रेक चार वेळा दाबून पाहिला.

ती मुलगी आता त्या सायकलीवर बसत असेल, आणि भ्यालेल्या माणसाचं काय होतं ते तिला पाठ झालं असेल. पण वंदना भ्याली नव्हती. तिनं मागचा ब्रेक दाबला होता. तिला आठवत होतं तसाच, पुरता दाबला होता. तो लागला नाही, कारण त्यावर माझं तेल होतं, आणि बराबर म्हणताना मला ते माहीत होतं.