भावजींचा बोलका डबा

आमच्या भावजींनी पस्तीस वर्षं लोकांचे टेलिफोन जोडले आणि घरात कधी एक अख्खं वाक्य जोडलं नाही. हे मी मेहुणी म्हणून थट्टेनं म्हणत नाही. थट्टेचे दिवस गेले.

ते टेलिफोन खात्यात लाइनमन होते. कमरेला चाचणीचा फोन, खांद्यावर शिडी. खांबावर चढून तारेला फोन लावायचा, लाइन चालू आहे का ते ऐकायचं, आणि लोक बोलत असले तर मध्ये चकार शब्द काढायचा नाही, हा त्यांच्या कामाचा पहिला नियम. भांडणं ऐकली, रडणं ऐकलं, एकदा तर ओळखीच्याच माणसाची लबाडी ऐकली, पण हे गप्प. खात्यात त्याबद्दल त्यांना मान होता. तो नियम त्यांनी निवृत्तीनंतरही पाळला, तोही स्वतःच्या घरात.

माझ्या ताईला त्याची सवय झाली होती. ती शाळांचे गणवेश शिवायची. मशीन चालवत दिवसभर बोलायची आणि हे समोर बसून मान हलवायचे. चहा हवा का, मान. बिल भरलं का, मान. मान किती हलली यावरून होकार कितपत मनापासून आहे तेही ताईला कळायचं. मी चिडवायची, "भावजी, तुमच्या मानेला पेन्शन वेगळी मिळते का?" तर तेव्हाही मानच हलायची, जरा हसून.

मग काचबिंदूनं ताईचे डोळे गेले. दोन वर्षांत आधी सुई दिसेना, मग कापड दिसेना, मग माणूस. आणि भावजी मान हलवतच राहिले.

ताईला एकटं वाटू नये म्हणून मीच स्मार्ट स्पीकर आणून दिला. विचारलं की वेळ सांगतो, बातम्या सांगतो, गप्पा मारतो. भावजींनी तो दोन दिवस ऐकला आणि तिसऱ्या दिवशी प्लग काढला. म्हणाले, "घरातलं बोलणं तारेवरून बाहेर जातं. कोण ऐकत बसतं ते मला ठाऊक आहे." ते खरंच होतं, पस्तीस वर्षं हेच तर ऐकत होते.

त्यांनी जुना कॉम्प्युटर घेतला, त्यात मेमरी वाढवली, आणि मधल्या खोलीत दार लावून बसले. एआय घरातच, आपल्याच कॉम्प्युटरवर चालवायचा आणि स्पीकरला जोडायचा. कंपनीचे फक्त कान आणि तोंड, डोकं आपलं. चार महिने त्यात गेले. भिंतीला कान असतात म्हणतात, यांनी भिंतीला जीभही बसवली.

अडचण एकच होती. स्पीकर उत्तराची वाट आठ सेकंद बघायचा आणि कॉम्प्युटर म्हातारा. उत्तर तयार होईपर्यंत स्पीकर "माफ करा" म्हणून मोकळा व्हायचा. भावजींनी त्यावर तोड काढली. उत्तराला वेळ लागतोय असं दिसलं की डबा आधी म्हणायचा, "थांबा, बघतो." मग सावकाश उत्तर. ताईला ते फार आवडलं. मला म्हणाली, "थांबा, बघतो असं मला या घरात कुणी पहिल्यांदा म्हणालं गं." आणि हे ती हसत सांगत होती.

खात्यातल्या सवयीनं भावजींनी फॉल्टची वही घातली. लांब, आखलेली. तारीख, वेळ, प्रश्न, काय बिघडलं, शेरा. डब्याला न आलेली उत्तरं संध्याकाळी कॉम्प्युटरवरून त्यात उतरवायची. एका रविवारी त्यांनी मला ती मोठ्या कौतुकानं दाखवली. आठवड्यात सव्वीस फॉल्ट, त्यातले एकोणीस एकाच प्रश्नाचे. मी प्रश्न वाचला. "ते घरी आहेत का?"

एकोणीस वेळा. आणि हा माणूस पूर्ण वेळ शेजारच्या खोलीत.

"काढला फॉल्ट," भावजी म्हणाले. पुढच्या दाराला चुंबकाची पट्टी बसवली होती, आणि मधल्या खोलीतल्या त्यांच्या व बाहेरच्या ताईच्या, दोन्ही खुर्च्यांच्या गादीखाली वजन कळणारी पातळ चकती. आता डब्याला बरोब्बर कळायचं कोण घरात आहे, कोण बसलंय. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

मी म्हटलं, "भावजी, ती तुम्हाला विचारतेय."

"हो, म्हणून तर बसवलं," ते म्हणाले. त्यांना खरंच वाटत होतं की त्यांनी उत्तर दिलं. त्या क्षणी मला त्यांचा राग आला तो अजून उतरलेला नाही.

त्याच दिवशी मी ताईला म्हटलं, माझ्याकडे चल, कायमची. ती बराच वेळ खुर्चीच्या हातावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "ते एकदा तोंडानं राहा म्हणाले तर मी जायची नाही."

भावजी दारातच उभे होते. तिला ते माहीत नव्हतं, मला दिसत होतं. त्यांनी ऐकलं आणि मान हलवली. जोरजोरात हलवली, दोनदा, तीनदा. मी ओरडून सांगायला हवं होतं, ताई, ते हो म्हणतायत. नाही सांगितलं. इतकी वर्षं त्यांच्या मानेचं भाषांतर तिनं केलं, आता मी करायचं नाही असं मला वाटलं. बरोबर केलं की चूक, अजून ठरत नाही.

ते मागे वळून मधल्या खोलीत गेले. मला वाटलं, धीर गोळा करून येतील. आतून टंकायचा आवाज आला. मग खुर्चीजवळचा डबा त्या परक्या, गोड, तरण्या आवाजात बोलला, "राहा. इथेच राहा."

ताईनं चेहरा आवाजाकडे वळवला. "हे तू म्हणतोयस की ते म्हणतायत?"

"थांबा, बघतो," डबा म्हणाला. आम्ही दोघी थांबलो. आतला टंकायचा आवाजही थांबला होता. मग उत्तर आलं, "ते घरी आहेत. खुर्चीत बसले आहेत."

ताईनं हात पुढे केला. "चल."

भावजी रिक्षापर्यंत बॅग घेऊन आले. बॅग ठेवली, तिच्या पदराचं टोक दारात अडकणार होतं ते नीट आत सारलं, आणि उभे राहिले. मी मुद्दाम रिक्षावाल्याला जरा थांबायला सांगितलं. पण तोंडात मिठाची गुळणी ती गुळणीच.

ताई आता माझ्याकडे असते. माझ्या घरात सगळे बडबडे, एकाच वेळी चार जण बोलतात, पण ती फारसं बोलत नाही. माझ्याशी बोलतानाही वाक्य अर्धं सोडते आणि कान देऊन बसते. कशाची वाट बघते ते मला कळतं, आणि कळून उपयोग नाही.

तिचे डॉक्टरांचे कागद राहिले होते म्हणून गेल्या महिन्यात मी तिकडे गेले. भावजींनी दार उघडलं, कागद कुठे आहेत ते बोटानं दाखवलं आणि चहा ठेवायला गेले. टेबलावर फॉल्टची वही उघडी होती. ती गेली त्या तारखेपासून रोज एकच नोंद, संध्याकाळी सातची. प्रश्न: ती घरी आहे का? उत्तर: नाही, खुर्ची रिकामी आहे.

डब्याला विचारायचं तर तोंड उघडावं लागतं. म्हणजे हा माणूस रोज बोलतो.

शेऱ्याच्या रकान्यात, प्रत्येक ओळीला, त्यांच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: फॉल्ट नाही.