आजोबांच्या पाटीवरचं 'अनस्किल्ड'

मंडळी, आज माझं डोकं फिरलंय.

सकाळी माळा आवरताना आजोबांनी पन्नासच्या दशकात कोरलेली सागवानी पाटी सापडली. 'धोंडिबा सुतार, अनस्किल्ड.'

आई म्हणाली, "कारखान्यात कामाला लागले तवा साहेबानं त्यांच्या कार्डावर तसं लिव्हलं व्हतं. मामंजींना वाटलं, मोठा हुद्दा हाय."

चाकणच्या कंपनीत एचआरला असलेला माझा मेहुणा फिदीफिदी हसला. "दाजी, अनस्किल्ड म्हणजे ज्याच्या हातात काहीच कसब नाही तो!"

असं? अख्ख्या कुरुळी गावाच्या बैलगाड्यांची चाकं ज्या हातांनी घडवली, त्यांना हा शब्द चिकटवताना साहेबाला लाज नाही वाटली?

पाटी पुसून मी दारावर ठोकलीये. ज्याला हसायचंय, त्यानं आधी तिच्यावरचं एक अक्षर तसं कोरून दाखवावं. आहे कुणी?