कोणती स्कीम बरी, मॅडम?

तीर्थपुरीत मी अल्पबचतीची एजंट आहे. लेकरांच्या शिक्षणासाठी पैसे कुठं टाकावे, हे विचारायला आईबाप माझ्याकडं येतात. मी फॉर्म भरून देते, ते निघून जातात आणि त्यांचं बोलणं माझ्याकडंच राहतं. रात्री जेवताना सांगायला लागले की नवरा म्हणतो, "कमिशनपेक्षा हेच जास्त जमा होऊन राह्यलंय."

*

अंकुशनगरचे एक गृहस्थ, साखर कारखान्यात कामाला. आईला घेऊन आल्ते. सुकन्या योजनेचं व्याज त्यांना फार आवडलं.

"पोराच्या नावानं उघडा."

मी सांगितलं, ही योजना फक्त मुलींसाठी आहे.

"हा तर अन्याय झाला, मॅडम. मंग पोरानं शिकायचंच न्हाई का?"

शेजारी बसलेली म्हातारी म्हणाली, "मला चौथीतून काढून तुझ्या मामाला शिकिवलं. तवा कोन्या कागदावर लिहिल्तं का रे, फक्त पोरायसाठी म्हनून?"

पोराचं पीपीएफ उघडलं.

*

पीपीएफची मुदत पंधरा वर्षं. मंठ्याच्या एका किराणा दुकानदाराला ती बिलकुल पसंत पडली. मुलगा कितवीत, विचारलं, तर म्हणे बारावीत.

"अहो, पैसे हातात येईपर्यंत त्याचं लग्न होऊन जाईल."

"बराबर. त्याच्या लेकराच्या शाळेला होतील."

"आणि ह्याच्या कॉलेजचं काय?"

जरा विचार करून ते म्हणाले, "त्यासाठी माझ्या बापानं यायला पायजे होतं तुमच्याकडं."

*

आमच्या गावातले गणिताचे सर बायकोला घेऊन आले, सोबत आलेख कागदांची गुंडाळी. सुकन्या, पीपीएफ, म्युच्युअल फंड. कशात किती टॅक्स वाचतो ते वेगवेगळ्या रंगांत काढलेलं. महिनाभराची मेहनत.

मी सहज विचारलं, "सर, टॅक्स जुन्या पद्धतीनं भरता की नव्या?"

"नव्या."

"मग ह्यातली कुठलीच वजावट तुम्हाला मिळत नाही."

सरांनी कागद पुन्हा गुंडाळायला घेतले. बाई माझ्याकडं वळून म्हणाल्या, "महिनाभर दळण आणा म्हणलं की म्हणायचे, कामात हाय."

खातं मात्र उघडलं. लेकराच्या शाळेची फी काय, दोन्ही पद्धतींत भरावीच लागते.

*

सुभाषराव मोटार रिवायंडिंग करतात. मुलगी वैष्णवी पाच वर्षांची असल्यापासून ते डायरी घेऊन यायचे, सगळ्या योजनांचे दर लिहून न्यायचे. "आणखी थोडं बघून राह्यलो, मॅडम. जल्दी कशाला?"

शेवटी मीच बजावलं, पोरगी दहाची झाली की सुकन्याचं खातं उघडता येत नाही. "पुढच्या आठवड्यात येतो," म्हणाले. आले नाहीत.

वाढदिवसाला तीन दिवस उरले आणि वैष्णवी आईला हाताला धरून घेऊन आली. आई घरी फॉल-पिको करते. तिनं पिशवीतून आधार कार्डं, फोटो आणि रबर लावलेल्या नोटा काढल्या. फॉर्म वैष्णवीनंच भरला. पालकाच्या रकान्यात न विचारता आईचं नाव लिहिलं.

सही होते न होते तोच सुभाषराव धापा टाकत आले. हातात डायरी.

"अगं थांबा. मी अजून बघून राह्यलो ना."

वैष्णवीनं पेनाला टोपण लावलं.

"तुमी बघा निवांत, पप्पा. आमचं झालं."